दादर चालतं, माटुंगा रोडला नाव तुटतं

दोनेक वर्षांपूर्वी आमच्याकडे एका पतपेढीचं काम आलं होतं. अंधेरीला आमचं सहा-सात जणांचं ऑफिस आहे, अशी छोटीमोठी कामं येत असतात. जुन्या प्रोग्राममधून सभासदांची यादी काढायची, नव्या सिस्टीममधे भरायची आणि पासबुकं छापून द्यायची, एवढंच होतं. स्क्रिप्ट लिहिली, टेस्टला दहा-बारा आडनावं घेतली, पाटील, पवार, जाधव, शिंदे, मोरे, कदम, भोसले, सगळी जशीच्या तशी आली. मग खरी फाइल लावली तर स्क्रिप्ट अडली, अमुक बाइट (फाइलमधे साठवलेला ० ते २५५ मधला एक आकडा) वाचता येत नाही म्हणाली. संध्याकाळ झाली होती, दुसऱ्या दिवशी छपाई होती, आमच्यातल्या एकाने ‘एरर्स इग्नोर’ टाकलं, म्हणजे वाचता न येणारं सोडून पुढे जा असं सांगितलं, मी तो बदल बघितला आणि जाऊ दिला. नंतर भरणा करणाऱ्या प्रोग्राममधे पण तेच केलेलं होतं.

तिसऱ्या दिवशी पतपेढीतल्या ताईंचा फोन. "दादा, काउंटरवर एक काका उभे आहेत, ते विचारतायत माझं आडनाव महातरे कधीपासून झालं, आम्ही पिढ्यान्‌पिढ्या म्हात्रे आहोत." यादी उघडून बघितली तर म्हात्रेंचे महातरे, कुलकर्णींचे कलकरणी, देशमुखांचे देशमख, चव्हाणांचे चवहाण. एकनाथ नावाचे एक गृहस्थ नुसते कनाथ. झेंडेंचा झ पूर्ण गेलेला, मात्रा आणि अनुस्वार ठिपक्यांच्या एका गोलावर लटकलेले. एरर कुठेच नाही, लॉग एकदम स्वच्छ.

तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही. फाइलमधलं टेक्स्ट कुठल्या एन्कोडिंगमधे, म्हणजे कुठल्या अक्षराला कुठले बाइट ह्याच्या कुठल्या तक्त्याप्रमाणे, आहे हे कोडमधे सांगितलं नसेल तर आपली साधनं, म्हणजे एडिटर, कंपायलर, स्क्रिप्टिंगच्या भाषा, डेटाबेसची टूल्स, ती मशीनला विचारतात की बाबा तुझं डिफॉल्ट काय, आणि मशीन जे सांगेल ते धरून चालतात. माझं म्हणणं आहे की मराठीसाठी ही पद्धत मुळातच चुकीची आहे, कधीतरी नाही, प्रत्येक वेळी चुकीची, आणि ती बंद व्हावी म्हणून टूल बनवणाऱ्यांनी जेवढं करायला हवं तेवढंच आपल्याकडे सॉफ्टवेअर विकत घेणाऱ्यांनी, विशेषतः सरकारी आणि सहकारी संस्थांनी करायला हवं.

आधी झालं काय ते सांगतो, कारण ते समजलं की बाकीचं आपोआप पटतं. युनिकोड म्हणजे जगभरच्या लिप्यांच्या चिन्हांना एकेक क्रमांक देणारं मानक, आणि ते क्रमांक बाइटमधे लिहायची एक पद्धत म्हणजे यूटीएफ-८. त्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं. पहिला बाइट सगळ्यांचा सारखाच, दुसऱ्यात दोनच प्रकार, खरा फरक तिसऱ्या बाइटमधे. आता इंग्लिश इंडिया असं सेटिंग असलेल्या विंडोजचं जुनं डिफॉल्ट कोडपेज (एका बाइटला एक अक्षर असा तक्ता) म्हणजे १२५२, ते पश्चिम युरोपातल्या भाषांसाठी बनवलेलं आहे. त्याच्या २५६ जागांपैकी पाच रिकाम्या आहेत, हेक्स म्हणजे सोळाच्या गणनेत मोजलं तर: ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी. आणि आपल्याकडे बघा, पहिल्या उकाराचा तिसरा बाइट ८१, चंद्रबिंदूचा पण ८१, अक्षराचा पाय मोडायची जी खूण असते तिचा ८डी, ए चा ८एफ, ऐ चा ९०, झ चा ९डी. म्हणजे मराठीतलं एकूण एक जोडाक्षर, प्रत्येक पहिला उकार, ए, ऐ आणि झ नेमके त्या रिकाम्या जागांवर जाऊन पडतात. पायथन ह्या स्क्रिप्टिंगच्या भाषेसारखं कडक साधन तिथे थांबतं. त्याला इग्नोर सांगितलं की तो एक बाइट टाकून देतं आणि पुढे जातं, उरलेले दोन अनाथ बाइट पुढचा प्रोग्राम टाकून देतो, आणि म्हात्रेचं महातरे होतं.

पाटील, पवार, जाधव, शिंदे ह्यांच्यात ह्यातलं काहीच नाही, म्हणून ती नावं चुकीच्या कोडपेजमधून जाऊन चुकीच्याच कोडपेजमधून परत येतात आणि बरोबर दिसतात. आमची टेस्ट पास झाली ती ह्याच्यामुळे. ‘मराठी’ हा शब्द सुद्धा असाच सुखरूप जातो, ‘महाराष्ट्र’ जात नाही. ‘मुंबई’ पण जात नाही.

मी नंतर वेस्टर्नच्या स्टेशनांची यादी घेऊन बसलो. चर्चगेट, मरीन लाइन्स, चर्नी रोड, ग्रँट रोड, मुंबई सेंट्रल, महालक्ष्मी, ओळीने सहाच्या सहा तुटतात. लोअर परळ हे पहिलं स्टेशन जे सुटतं. मग प्रभादेवी तुटतं, दादर चालतं, माटुंगा रोड तुटतं, माहीम चालतं, वांद्रे तुटतं, खार रोड चालतं, सांताक्रूझ आणि विलेपार्ले तुटतात. पण अंधेरीपासून वर दहिसरपर्यंत एक जोगेश्वरी सोडलं तर सगळी सुखरूप, राम मंदिर, गोरेगाव, मालाड, कांदिवली, बोरिवली, सगळी. म्हणजे टेस्ट करणारा मुलगा बोरिवलीचा असेल आणि त्याने आपल्या आजूबाजूची नावं टाकून बघितली तर त्याला शपथेवर वाटेल की आपला प्रोग्राम मराठी नीट हाताळतो. ह्यात त्याचा दोष धरता येत नाही, डेटाच तसा आहे.

आता डिफॉल्टचा मुद्दा. हे मशीनला विचारणं जेव्हा सुरू झालं तेव्हा त्याच्यामागे कारण होतं. जपानी मशीनवरची फाइल बहुतेक शिफ्ट-जेआयएस मधे असायची, रशियन मशीनवरची १२५१ मधे, थायलंडची ८७४ मधे. तिथे मशीनला विचारलं तर उत्तर बरोबर यायची बऱ्यापैकी शक्यता होती. मराठीला विंडोजमधे असं सिस्टीमचं जुनं कोडपेज कधी मिळालंच नाही, मराठी आणि हिंदी ‘फक्त युनिकोड’ वाल्या भाषांमधे येतात. त्यामुळे मुंबईतल्या कुठल्याही ऑफिसातल्या मशीनला तुम्ही विचारा, तुझं जुनं डिफॉल्ट काय, जे उत्तर येईल त्यात मराठीचं एक अक्षर पण बसत नाही. जपानी माणसाला हा प्रश्न विचारण्यात निदान काही अर्थ होता, आपल्याला विचारण्यात नाही. मग आपल्या फाइली वाचताना साधनांनी तो विचारायचाच कशाला?

असं नाही की आपल्याकडे मानक नव्हतं. इस्की होतं, १९९१ चं भारतीय मानक, आणि युनिकोडने देवनागरीची मांडणी घेतली ती इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवरूनच, १९९१ ला युनिकोडची पहिली आवृत्ती आली तेव्हापासून देवनागरी त्यात आहे. पण रोजच्या मशीनवर, छापखान्यात, डीटीपीवाल्याकडे जो तक्ता होता तो रोमन होता, म्हणून मग रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले फॉन्ट आले. श्रीलिपी, कृतिदेव, डीव्हीबी सुरेख, हे ज्यांनी वापरलेत त्यांना आठवत असेल, फॉन्ट असलेल्या मशीनवर सुरेख मराठी आणि फॉन्ट नसलेल्या मशीनवर नुसती रोमन अक्षरांची भेळ. त्या फॉन्टांनी मराठी छपाई जगवली, दैनिकं, दिवाळी अंक, लग्नपत्रिका सगळं त्याच्यावर निघालं, त्याबद्दल मला आदरच आहे. पण त्या फाइलींमधे मराठी मजकूर म्हणून काही नव्हतंच, होते ते आकार. एन्कोडिंग ओळखणाऱ्या कुठल्याही टूलला ती फाइल द्या, ते सांगेल साधं इंग्रजी टेक्स्ट आहे, आणि त्याच्या परीने ते बरोबर असेल. आज कुठल्याही जुन्या संस्थेचं रेकॉर्ड काढायला गेलं की अर्धं युनिकोडमधे आणि अर्धं असल्या फॉन्टमधे, कधीकधी एकाच फाइलमधे दोन्ही.

म्हणूनच मला ‘ओळखून घेईल’ हा प्रकार पटत नाही. बरेच जण म्हणतात की एवढं काय, टूलने फाइल बघून अंदाज करावा. अंदाज म्हणजे काय होतं त्याचं एक प्रसिद्ध उदाहरण आहे, विंडोज एक्सपीच्या काळातल्या नोटपॅडमधे ‘बुश हिड द फॅक्ट्स’ एवढंच इंग्रजीत टाइप करून सेव्ह केलं आणि परत उघडलं की चिनी अक्षरं दिसायची. अठरा बाइटची साधी इंग्रजी फाइल, नोटपॅडने अंदाज केला की ही दोन-दोन बाइटची युनिकोड असणार. लोकांनी त्याच्यात कट वगैरे शोधला, तो होता नुसता फसलेला अंदाज. फाइल जेवढी छोटी तेवढा अंदाज कच्चा, आणि नावांच्या, पत्त्यांच्या, सेटिंगच्या फाइली छोट्याच असतात. व्हीएस कोडने अंदाज करायची सोय ठेवलीये पण मुळात बंद ठेवलीये आणि डिफॉल्ट यूटीएफ-८ धरलंय, ही जागा मला योग्य वाटते.

आणि यूटीएफ-८ मधे अंदाज करायची गरजच पडत नाही, तपासता येतं. १९९२ च्या सप्टेंबरमधे केन थॉम्पसन आणि रॉब पाइक ह्यांनी न्यू जर्सीच्या एका जेवणाच्या ठिकाणी टेबलावरच्या कागदावर ते मांडलं, आणि त्याची घडणच अशी आहे की पहिला बाइट सांगतो पुढे किती बाइट यायचेत आणि पुढचे बाइट ठराविक साच्यातलेच असावे लागतात. दुसऱ्या एन्कोडिंगमधलं रोमनबाहेरचं टेक्स्ट चुकून ह्या साच्यात बसणं फार अवघड. म्हणजे साधनाला एवढंच करायचंय, यूटीएफ-८ धरायचं, साच्यात बसत नसेल तर थांबायचं आणि कुठल्या ओळीत, कितव्या बाइटला, ते सांगायचं.

बरं, हे मी एकटाच म्हणतोय असं नाही, टूलवाले त्याच दिशेने चाललेत, पण किती सावकाश ते बघा. जावा १९९६ ला आली, ती यूटीएफ-८ डिफॉल्ट धरायला लागली जेडीके १८ पासून, मार्च २०२२. त्याच्या आधी एकच जार फाइल (जावाचा तयार प्रोग्राम) सर्व्हरवरच्या लिनक्सला मराठी नीट वाचायची आणि ऑफिसातल्या विंडोजवर कचरा करायची, आणि ‘माझ्या मशीनवर चालतंय’ ह्या वाक्यावर आम्ही किती संध्याकाळ घालवल्यात त्याला हिशोब नाही. नोटपॅडने २०१९ ला बदललं. पॉवरशेल ह्या विंडोजच्या कमांड टूलच्या ५.१ मधे आउटपुट फाइलमधे वळवलं की ते यूटीएफ-१६ (दोन-दोन बाइटचं युनिकोड) व्हायचं, आणि कोडमधले बदल नोंदवणारं गिट अशी फाइल बायनरी, म्हणजे टेक्स्ट नसलेली, समजतं, बदल दाखवतच नाही, नवीन पॉवरशेलमधे ते सुधारलं. पायथनने २०२१ मधे ३.१० ला एक सूचना आणली, एन्कोडिंग न सांगता फाइल उघडली तर बोलणारी, पण ती आपण मुद्दाम चालू करावी लागते, आणि डिफॉल्ट यूटीएफ-८ करायचं ठरलंय ते ३.१५ पासून. मायएसक्यूएल ह्या डेटाबेसची तर वेगळीच कथा, त्याच्यात ‘यूटीएफ-८’ नावाचा जो प्रकार होता तो तीन बाइटपर्यंतच जायचा. देवनागरीला तीन पुरतात म्हणून आपल्याला ते जाणवलं नाही, पण मोडी लिपी युनिकोडमधे आली २०१४ ला आणि तिचं प्रत्येक अक्षर चार बाइटचं आहे. ज्या लिपीत शेकडो वर्षं मराठीचा कारभार चालला ती लिपी त्या कॉलममधे बसत नाही. त्यासाठी एमबी-४ वालं एन्कोडिंग लागतं, ते २०१८ च्या ८.० मधे जाऊन डिफॉल्ट झालं.

आता विरोधातले मुद्दे, आणि ते खोटे नाहीत. एक म्हणजे जुन्या फाइली. डिफॉल्ट बदललं की ज्यांचं सगळं जुन्या कोडपेजवर आहे त्यांचं मोडणार. खरंय, पण त्याला उपाय जावाने दाखवलाय, जुनं वागणं हवं तर ते मागून घ्यायची सोय ठेवली. ज्याला जुनं पाहिजे त्याने मागावं. आत्तापर्यंत उलटं होतं, ज्याला बरोबर पाहिजे त्याने प्रत्येक ओळीत मागायचं आणि एका ओळीत विसरला की गेलं. दुसरा मुद्दा एक्सेलचा. सीएसव्ही फाइलवर (स्वल्पविरामांनी कॉलम पाडलेलं साधं टेक्स्ट) डबल क्लिक केलं की एक्सेलला सुरुवातीला तीन बाइटची, ही यूटीएफ-८ आहे असं सांगणारी, बॉम नावाची खूण लागते, नाहीतर डोक्यावर तिरकी रेघ असलेले रोमन ए आणि मधेमधे येनची चिन्हं दिसतात, हे सगळ्यांनी बघितलं असेल. खूण घातली तर काही प्रोग्राम ती पहिल्या कॉलमच्या नावाला चिकटवतात आणि ‘नाव’ हा कॉलमच सापडत नाही म्हणतात. ह्याच्यावर माझं मत, वाचताना खूण असली नसली दोन्ही चालवून घ्या, आणि लिहिताना फाइल माणूस एक्सेलमधे उघडणार असेल तरच घाला. स्क्रिप्टमधे, सेटिंगमधे, सोर्स कोडमधे अजिबात नको.

तिसरा मुद्दा सगळ्यात वजनदार आहे. लोक म्हणतात, प्रोग्राम थांबून कसं चालेल, महिनाअखेरीस पगार काढायचे आहेत आणि एका नावातल्या एका बाइटसाठी सगळं अडवून ठेवायचं? मी स्वतः त्या संध्याकाळी असाच विचार केला होता म्हणून मला ही बाजू आतून माहितीये. पण थांबणं आणि टाकून देणं ह्यांच्या मधे पुष्कळ जागा आहे. ती एक ओळ बाजूला काढा, मूळ बाइट जसेच्या तसे ठेवा, बाकीच्या पुढे जाऊ द्या, शेवटी यादी द्या की एवढ्या ओळी माणसाने बघायच्यात. पायथनमधे मूळ बाइट सांभाळून ठेवायची सोय २००९ च्या ३.१ पासून आहे. टाकून देणं मात्र परत फिरवता येत नाही. कचरा दिसणारं टेक्स्ट बऱ्याचदा दुरुस्त होतं, उलटं रूपांतर केलं की मराठी परत मिळतं, कारण बाइट शाबूत असतात. पण एकदा का अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह लिहिलं गेलं, एसक्यूएल सर्व्हर ह्या डेटाबेसमधे मराठी शब्दाच्या आधी एन लावायचं राहिलं की होतं तसं, किंवा काळ्या चौकटीतलं ते प्रश्नचिन्ह सेव्ह झालं, किंवा आमच्यासारखं अक्षरच टाकून दिलं, की संपलं, त्यात परत मिळवण्यासारखं काही उरत नाही. म्हणून ‘इग्नोर’ (टाकून दे) आणि ‘रिप्लेस’ (जागी प्रश्नचिन्ह घाल) हे पर्याय एवढ्या सहज हाताशी असू नयेत असं मला मनापासून वाटतं, निदान ते वापरले तर किती अक्षरं गेली त्याचा आकडा तरी साधनाने स्वतःहून दाखवावा.

आता आपल्या बाजूचं. महाराष्ट्राचा राजभाषा अधिनियम १९६४ चा, अभिजात दर्जा मिळाला ३ ऑक्टोबर २०२४ ला. पण कारभार मराठीत होतो म्हणजे शेवटी कुठे होतो, तर डेटाबेसच्या कॉलममधे. रेशनकार्ड, सातबारा, शाळेचा दाखला, सोसायटीची मेंबर लिस्ट. ह्याच्यासाठी सॉफ्टवेअर घेताना टेंडरमधे ‘मराठी सपोर्ट असावा’ एवढी एक ओळ टाकतात आणि डेमोच्या दिवशी स्क्रीनवर मराठी दिसलं की सही होते. स्क्रीनवर दिसणं म्हणजे काहीच नाही. टेंडरमधे लिहायला हवं की आत येणारी आणि बाहेर जाणारी प्रत्येक फाइल यूटीएफ-८ असेल, न बसणारा बाइट आला तर नोंद होईल आणि टाकून दिला जाणार नाही, कॉलमची लांबी अक्षरांत मोजली जाईल, बाइटमधे नाही. हे शेवटचं फार महत्त्वाचं, कारण ओरॅकलमधे ती मुळात बाइटमधे मोजली जाते आणि तीस बाइटच्या कॉलममधे ‘ज्ञानेश्वर’ एवढंच बसतं, पुढे एक वेलांटी पण नाही. आणि स्वीकारायच्या आधी टेस्ट घ्यायची ती पुरवठादाराने आणलेल्या नावांवर नाही, आपल्या नावांवर. त्या यादीत पहिला उकार हवा, जोडाक्षरं हवीत, ए, ऐ, झ हवेत, ‘दुसऱ्या’ मधला ऱ्या हवा. ‘ॲप’ मधला ॲ सुद्धा हवा, तो युनिकोडमधे २००८ ला आला, त्याच्या आधीचे लोक अ वर चंद्र देऊन लिहायचे, अजून लिहितात, दिसायला दोन्ही सारखे पण सर्चला दोन वेगळे शब्द. ह्याला पैसे लागत नाहीत. एक पानभर नावं लागतात.

आमच्याकडे आता प्रत्येक कामात चर्चगेट ते दहिसर ही फाइल असते, कोड पुढे जायच्या आधी ती आत जाऊन बाहेर आली पाहिजे आणि एकूण एक बाइट जुळला पाहिजे, नाहीतर बिल्ड तिथेच थांबते. नवीन मुलं विचारतात स्टेशनं कशाला, तेव्हा त्यांना महातरे काकांची ती प्रिंट दाखवतो.

पतपेढीची यादी आम्ही दुरुस्त करून दिली, पण सगळी नाही जमली. जुन्या प्रोग्रामचं मशीन तोपर्यंत त्यांनी काढून टाकलं होतं आणि मूळ फाइल आम्ही त्याच नावाने परत सेव्ह केली होती. कलकरणी म्हणजे कुलकर्णी हे कोणालाही कळतं, चवहाण म्हणजे चव्हाण हे पण कळतं. पण यादीत चार ठिकाणी ‘मळे’ आलं होतं. मळे पण आडनाव आहे आणि मुळे पण आहे, आणि उकार गेल्यावर दोघांत फरक राहत नाही. ताईंकडून नंबर घेतले आणि एकेकाला फोन लावला, नमस्कार, पतपेढीच्या कामाबद्दल बोलतोय, तुमचं आडनाव नक्की काय लिहायचं, मळे की मुळे? तिघांनी सांगितलं. चौथ्या नंबरवर त्यांच्या मुलीने उचलला, म्हणाली वडील मागच्या वर्षीच गेले, पासबुक आता आईच्या नावावर करायचंय, तेवढं मुळे नीट लिहा.